चौकटीत रस्ता किती उरावा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजारात मी काढलेले एक छायाचित्र बरेच दिवस माझ्या संगणकात तसेच पडून होते. त्यात झेंडूच्या गोण्या होत्या, वजनकाटा होता, हातगाडी होती, मागे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक होता, तीन चेहरे होते आणि वरच्या कोपऱ्यात पांढरीफटक ट्यूबलाइट होती. बाजाराची सगळी सामग्री हजर असूनही चित्र काही होत नव्हते, कारण पाहणाऱ्याने नेमके कशाकडे पाहावे हे त्या चौकटीने ठरवलेलेच नव्हते. बऱ्याच काळाने ते पुन्हा उघडले, तेव्हा उजवीकडच्या खालच्या चतुर्थांशात एक जागा दिसली. गोणीत कोपरापर्यंत बुडालेला एक हात, त्याच्याभोवती केशरी रंग आणि वर काळोख. बाकीचे सगळे कापल्यावर तेवढा तुकडा उरला आणि तो चांगला होता. मात्र मोठा करून पाहिल्यावर त्यातील दाणेदारपणा आणि हाताची किंचित हललेली कडा डोळ्यांत खुपू लागली. जे चित्र मला क्रॉप करताना, म्हणजे कडा कापताना सापडले, ते त्याच पहाटे, तिथेच, दोन पावले पुढे सरकून काढता आले असते.

पुढील विवेचन रस्त्यावरच्या छायाचित्रणात, म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफीत, काय वगळावे याविषयी, त्या दोन पावलांविषयी आहे आणि ती टाकायची राहून गेल्यावर हाती उरणाऱ्या कात्रीविषयीही आहे. दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच असतो: या चौकटीतून किती काढून टाकले तरी हा रस्ताच आहे, हे पाहणाऱ्याला कळत राहील?

अमूर्ततेची मर्यादा

मराठी वाचकाला 'अमूर्त' हा शब्द मुख्यतः चित्रकलेतून परिचित आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना मात्र स्वतःच्या चित्रांसाठी 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' (वस्तुरहित) हा शब्द अधिक योग्य वाटे, कारण कोणत्याही वस्तूपासून सुरुवात करून तिचे रूप पुसत जाणे ही त्यांची रीत नव्हती. छायाचित्रकाराला ही मुभा नाही. कॅमेऱ्यासमोर काहीतरी असावेच लागते, त्यावर प्रकाश पडावाच लागतो आणि म्हणून छायाचित्रातील अमूर्तता ही नेहमी वजाबाकीतून येते. समोर असलेल्या वस्तूंमधून नाव, चेहरा, खोली, आकाश, कधी रंग, असे एकेक काढत गेल्यावर आकार, रेषा, पोत आणि छटा एवढेच पुढे उरते.

ही वजाबाकी कुठे थांबवावी हे समजण्यासाठी १९१५ मध्ये पॉल स्ट्रँड यांनी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर काढलेले छायाचित्र अभ्यासण्यासारखे आहे. एका बँकेच्या इमारतीतील प्रचंड काळे आयत, त्यांच्या पायथ्याशी सकाळच्या उन्हात चालणारी लहान लहान माणसे आणि त्यांच्या लांब सावल्या एवढेच त्यात आहे. ते आयत पूर्ण अमूर्त आहेत, पण माणसे आहेत म्हणून ते चित्र रस्त्याचे राहते आणि त्या आयतांची भीतीही वाटते. पुढच्याच वर्षी स्ट्रँड यांनी वाट्या आणि व्हरांड्यातील सावल्या यांची जी छायाचित्रे काढली, ती अमूर्ततेकडे आणखी पुढे गेली, परंतु तिथे रस्ता उरलेला नाही. छायाचित्रकार आरन सिस्किंड यांनी टिपलेल्या भिंती आणि फाटलेली पोस्टरे यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. ती रस्त्यावर सापडलेली असली तरी मला ती रस्त्याची छायाचित्रे वाटत नाहीत. हा भेद सर्वांना मान्य होईल असे नाही, पण ज्याला स्ट्रीट फोटोग्राफी करायची आहे त्याने आपली रेषा कुठेतरी आखलेली बरी. माझी रेषा अशी आहे की चौकटीत ओळखीचा निदान एक धागा राहिला पाहिजे. मग तो चपलेचा अंगठा असो, बसच्या खिडकीची दांडी असो किंवा छत्रीची काडी असो.

उभे राहून वगळणे

वगळण्याचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे ऊन, आणि आपल्याकडे ते फुकट आणि भरपूर आहे. कॅमेरा एका वेळी उजेड आणि दाट सावली या दोघांचे तपशील नीट धरू शकत नाही, ही त्याची मर्यादा इथे उपयोगी पडते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यावा हे, उन्हातल्या भागावर ठरवले, तर सावलीतील दुकाने, फलक, तारा आणि कचरापेट्या आपोआप काळ्या होऊन जातात. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, शटर (उघडा राहण्याचा वेळ) १/१००० सेकंद आणि छिद्र एफ/८ (आकडा वाढला की छिद्र लहान होते) ही जोडणी बहुतेक वेळा योग्य ठरते. कॅमेरा स्वयंचलित ठेवायचा असल्यास एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करण्याची सोय) उणे एक ते उणे दोनवर न्यावे. मोबाइलवर पडद्यावरील उजळ भागावर बोट ठेवून सूर्याचे चिन्ह खाली ओढले की तेच साधते. एवढेच पाहावे की मोबाइलचे एचडीआर बंद असावे, कारण काळ्या सावल्या उजळवून तपशील परत आणणे हेच त्याचे काम असते आणि आपण नेमके त्या तपशिलांतून सुटू पाहत असतो.

मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावरील कमानींचे पदपथ यासाठी उत्तम आहेत. खांब, सावली आणि उन्हाची तिरीप अशी तिथे आळीपाळीने रांग लागते आणि चालणारा माणूस दर काही पावलांनी दिसतो व नाहीसा होतो. तिथे माणसांमागे धावू नये. उन्हाचा एक पट्टा निवडावा, चौकट आधी पक्की करावी आणि त्या पट्ट्यात कोण, कसा शिरतो याची वाट पाहावी. अर्ध्या तासात चाळीस माणसे जातील आणि त्यांपैकी एकाच्या हातातील पिशवी, डोक्यावरील टोपली किंवा मानेचा बाक त्या पट्ट्यात बरोबर बसेल. पट्टा सरकत असतो, म्हणून दहा-दहा मिनिटांनी चौकट पुन्हा पाहणे आवश्यक असते.

सावलीची लांबी ऋतूप्रमाणे किती बदलते याचा हिशेब ठेवणारे छायाचित्रकार मला फार कमी भेटले आहेत, आणि हे आश्चर्याचे आहे. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश असल्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश वर असतो आणि १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली दीड मीटरहून थोडी अधिक पडते. म्हणजे सावल्यांचे काम करायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत दुपारही वाया जात नाही. याउलट मेच्या मध्यावर सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण बहुधा ढगांमागे लपून जातो. त्या दिवशी माणसाची सावली त्याच्या पायांखालीच अडकून राहते. उंचावरून पाहिल्यास डोके, खांदे आणि पावलांशी चिकटलेला एक काळा ठिपका एवढाच माणूस उरतो. हा प्रयोग वर्षातून एकदा तरी करून पाहण्यासारखा आहे, मात्र पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन.

उंचावरून पाहणे हे वगळण्याचे दुसरे साधन आहे. स्कायवॉक, रेल्वेचे पादचारी पूल किंवा महालक्ष्मी स्थानकाजवळचा धोबीघाटावरचा पूल अशा जागांवरून कॅमेरा सरळ खाली वळवला की आकाश जाते, क्षितिज जाते, बहुतेक चेहरे जातात आणि जमीन हीच भिंतीसारखी उभी राहते. लास्लो मोहोली-नॉज यांनी १९२८ मध्ये बर्लिनच्या रेडिओ मनोऱ्यावरून सरळ खाली पाहून जे छायाचित्र काढले, त्यात जमिनीवरील वाटा आणि वर्तुळे इतकी सपाट झाली आहेत की क्षणभर तो नकाशा वाटतो. आपल्याकडे एवढ्या उंचीची गरज नाही. दुमजली घराच्या गच्चीवरून गल्लीतील रिक्षांची टपे पाहिली तरी काम होते. मात्र छायाचित्रकाराने धोबीघाटाच्या पुलावर जाऊन सगळा घाट एका चौकटीत घेण्याचा मोह आवरावा. ते चित्र हजारो पर्यटकांकडे आहे. तिथे भिंग लांब पल्ल्याचे, ८५ ते १३५ मिलिमीटरचे असावे आणि शोध एका दोरीचा घ्यावा: सारख्याच निळ्या शर्टांची रांग, तिच्यामध्ये चुकून आलेला एक पिवळा आणि दोरीखाली दिसणारी कोणाची तरी दोन पावले.

तिसरे साधन म्हणजे आडोसा, आणि पावसाळ्यात तो जागोजागी मिळतो. बेस्टच्या बसची ओली काच, टपरीवर बांधलेली निळी ताडपत्री, बांधकामाच्या परांचीवरची हिरवी जाळी, चहाच्या दुकानातील वाफ धरलेली काच, फुलांवर टाकलेले प्लास्टिक, यांतील कोणतीही वस्तू मध्ये आली की तिच्यामागील माणूस रंगाचा एक डाग होतो. न्यूयॉर्कमध्ये सॉल लायटर यांनी हेच १९५०च्या दशकात रंगीत फिल्मवर केले. धूसर काचा, बर्फ, लाल छत्र्या, मध्येच आडवी आलेली दुकानाची छपरी, आणि त्यांतील एखाद्या फटीतून दिसणारा माणूस. त्यांच्या कित्येक चौकटींचा मोठा हिस्सा अडथळ्यानेच व्यापलेला असतो. मुंबईच्या छायाचित्रकाराने बर्फ शोधू नये, त्याच्याकडे जून ते सप्टेंबर आहे.

काचेतून काढताना फोकस ही मुख्य अडचण असते. ऑटोफोकस कधी थेंबांवर, कधी पलीकडच्या फलकावर जाऊन बसतो, म्हणून फोकस हाताने ठरवावा. थेंब स्पष्ट आणि रस्ता धूसर हवा असेल तर काचेच्या जवळ जाऊन छिद्र एफ/२ किंवा एफ/२.८ ठेवावे. मग मागील दिव्यांचे गोल तयार होतात आणि चालणारी माणसे ओळखण्यापलीकडे विरघळतात. हे दिसायला लगेच सुंदर असते आणि म्हणूनच घातक असते, कारण ओल्या काचेमागचे दिवे कोणत्याही शहराचे असू शकतात. धागा टिकवायचा असल्यास छिद्र एफ/५.६ किंवा एफ/८पर्यंत लहान करावे, जेणेकरून बसच्या पाटीवरील 'दादर'चा 'द' किंवा काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पिवळी छतपट्टी तेवढी ओळखू येईल. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, त्याआधीच्या महिन्यात बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसही गेल्या. जुन्या छायाचित्रांत या दोघींच्या रंगाचा इंचभर तुकडाही जागा आणि काळ सांगून जातो. आज तेच काम कोणता तुकडा करेल, याचा शोध प्रत्येकाने आपापल्या गावात घ्यावा.

आडोसा म्हणजे चौकटीतली चौकट असाही असतो. रघुबीर सिंह यांनी आपल्या अखेरच्या कामात अँबॅसडर मोटारीची दारे, खिडक्या आणि आरसे यांच्या आतून भारत पाहिला. मोटारीचा दरवाजा दृश्याचे जे तुकडे करतो, ते पुढे संगणकावर करण्याची गरजच उरत नाही. लोकलची जाळीदार खिडकी किंवा रिक्षाच्या पडद्याची फट यांच्याकडून तेच काम करून घेता येते.

शटरचा वेग कमी करून हालचाल विरघळवणे हे सर्वपरिचित तंत्र असल्याने त्याविषयी थोडक्यात सांगतो. १/१५ ते १/४ सेकंद हा गर्दीसाठी सोयीचा पल्ला आहे, आधारासाठी खांब किंवा कठडा वापरावा आणि चौकटीत एक तरी गोष्ट पूर्ण स्थिर असावी. रघू राय यांच्या चर्चगेट स्थानकावरील १९९५ च्या छायाचित्रात गर्दी वाफेसारखी वाहते आहे आणि तिच्यामध्ये वर्तमानपत्र वाचणारी माणसे जागच्या जागी आहेत. ती माणसे काढून घेतली तर केवळ राखाडी धूर उरेल. डबक्यातील प्रतिबिंब उलटे करून दाखवण्याविषयी मात्र काहीच सांगत नाही, कारण दर पावसाळ्यात त्याची जी साथ येते तीत आणखी भर घालण्याची माझी इच्छा नाही.

कापावे की नाही

क्रॉप करणे हा अपराध आहे अशी एक समजूत स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्यांमध्ये अजून आढळते आणि तिचा उगम बहुधा फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या आग्रहात आहे. चौकट शटर दाबतानाच पूर्ण झाली पाहिजे असे ते मानत आणि निगेटिव्हची संपूर्ण चौकट छापली जावी असा त्यांचा कटाक्ष असे. मात्र त्यांचेच सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र, १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट-लझार स्थानकामागे पाण्यावरून झेप घेणाऱ्या माणसाचे, क्रॉप केलेले आहे. कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून ते घेतले होते आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. आल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे काढलेले क्रांतिकारक चे गव्हेरा यांचे छायाचित्रही मूळचे आडवे असून त्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या आहेत. जगाने टी-शर्टांवर जे पाहिले, तो त्यातील मधला उभा काप आहे. त्या कापाने प्रसंग, जागा आणि सोबती यांना वगळले आणि माणसाचे चिन्ह केले. क्रॉप किती दूर नेऊ शकतो याचा यापेक्षा बोलका दाखला मला ठाऊक नाही, आणि त्यात जे गमावले त्याचाही.

तेव्हा कापावे, पण काय कापले जात आहे हे जाणून कापावे. मी स्वतः दोन प्रकार वेगळे मानतो. पहिल्या प्रकारात छायाचित्रकाराने रस्त्यावर घेतलेला निर्णय पूर्ण केला जातो. त्याला दोन आयत आणि एक छत्री हवी होती, पण भिंगाचा पल्ला कमी पडला किंवा कोपऱ्यात कोणाचे तरी कोपर शिरले. दुसऱ्या प्रकारात निर्णयच झालेला नसतो आणि संगणकावर चौकटीत फिरून एखादे चित्र सापडते का ते शोधले जाते, जसे माझ्या झेंडूच्या चित्राचे झाले. दुसरा प्रकार निषिद्ध नाही, शिकण्यासाठी तर फार उपयोगी आहे. फक्त तिथे सापडलेली गोष्ट पुढच्या खेपेस रस्त्यावरच पाहता आली नाही, तर शिकणे अर्धे राहिले असे समजावे.

कात्री चालवण्याची रीत

छायाचित्र काढल्याबरोबर त्याच रात्री कापू नये. त्या ठिकाणचा आवाज, वास आणि कष्ट मनात ताजे असतात आणि चौकटीत नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. आठवडाभराने चित्र आधी टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. त्या आकारातही दोन-तीन मोठे आकार ओळखू येत असतील तर काम करण्यासारखे काही आहे. त्यानंतर चित्र उलटे करावे. माणसे उलटी झाली की त्यांच्या चेहऱ्यांची ओढ कमी होते आणि कोणता उजळ डाग नजर पळवतो ते लगेच कळते.

वर्तमानपत्रांच्या आणि डार्करूमच्या काळातील एक साधन आजही संगणकापेक्षा सरस आहे. जाड काळ्या कागदाचे काटकोनात कापलेले दोन तुकडे घ्यावेत, चित्राची स्वस्तातली प्रत काढून त्यावर ते समोरासमोर ठेवावेत आणि चारही कडा सरकवत पाहावे. संगणकावरील क्रॉपच्या चौकटीत बाहेरचा भाग फिका का होईना, दिसत राहतो आणि मन त्याला धरून ठेवते. कागदाखाली तो खरोखर नाहीसा होतो. शिवाय हात संथ चालतो आणि या कामात संथपणाच हवा असतो.

चारही कडा एकदम ओढू नयेत, एकेक कडा घ्यावी आणि तिला कारण विचारावे. वरची कडा इथेच का? तिच्याखाली फलकाची अर्धी अक्षरे लटकत असतील तर एक तर फलक पूर्ण जावा, नाही तर एखादे अक्षर ठसठशीत राहावे. अर्धे अक्षर वाचण्याचा प्रयत्न डोळा करणारच आणि आकार मागे पडणार. देवनागरीबाबत हे विशेष खरे आहे, कारण शिरोरेषा कापली गेली की अक्षर लगेच निव्वळ आकृती होते, आणि शिरोरेषा राहिली की उरलेले शब्द ओळखण्याचा मोह आवरत नाही. अमूर्ततेकडे जायचे असेल तर कडा शिरोरेषेच्या खाली घ्यावी. कोपरे सर्वांत शेवटी तपासावेत. एका कोपऱ्यात पांढरा तुकडा राहिला, तर सबंध चित्र त्या बाजूला गळते.

माणसाचे शरीर कापताना मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कडा आणू नये, हा व्यक्तिचित्रणातील जुना नियम इथेही लागू पडतो, कारण सांध्यावर कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. अमूर्त चौकटीत मात्र त्याहून महत्त्वाचे हे की काप धीट असावा. कडेला नुसते लागलेले पाऊल किंवा बोटाचे टोक हे चुकीसारखे दिसते. पोटरीच्या मध्यावर घेतलेला काप हेतूसारखा दिसतो. आकारांमधील अंतरालाही हेच लागू आहे. छत्री आणि खांब यांमध्ये केसाएवढी फट असेल तर ती त्रास देते, म्हणून दोघांना एकमेकांवर चढू द्यावे किंवा मोकळी जागा ठेवावी. हे अंतर क्रॉपने बदलता येत नाही, ते उभे राहण्याच्या जागेवर ठरलेले असते. पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांचे परस्परांशी असलेले प्रमाण संगणकावर कितीही कापले तरी तेच राहते.

गुणोत्तराविषयी माझा सल्ला सनातनी वाटेल. एका मालिकेत एकच गुणोत्तर ठेवावे. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन असते, आणि ती बाजारात १९२५ मध्ये आलेल्या लायका कॅमेऱ्याच्या २४ बाय ३६ मिलिमीटरच्या निगेटिव्हपासून चालत आली आहे. मोबाइलची साधारणपणे चारास तीन असते. चौरसात आकार स्थिर होतात आणि ओळीने मांडलेल्या खिडक्या, टपे, छत्र्या यांना तो मानवतो. अमूर्त कामासाठी मी चौरसाकडे अनेकदा वळतो, पण एखादे चित्र फक्त चौरसातच उभे राहत असेल तर त्याची रचना कुठेतरी लंगडी आहे का, हे पुन्हा पाहतो. प्रत्येक चित्राला सोयीप्रमाणे वेगळे गुणोत्तर दिले की भिंतीवर लावल्यावर ती कात्रणवही दिसू लागते.

आता हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चौकट ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. तिचा चौरस कापला तर १६ मेगापिक्सेल उरतात. ३५ मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेले दृश्य ५० मिलिमीटरसारखे दिसेल एवढे कापले, तर सुमारे १२ उरतात. रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या केल्या, तर ३००० बाय २०००, म्हणजे ६ मेगापिक्सेल. दर इंचाला ३०० पिक्सेल धरून त्याची साधारण दहा बाय पावणेसात इंचांची उत्तम प्रत निघते, त्यामुळे पिक्सेल हे खरे दुखणे नव्हे. दुखणे असे की निम्म्यावर कापलेले चित्र त्याच आकारात छापायचे तर ते दुप्पट मोठे करावे लागते आणि त्याबरोबर दोषही दुप्पट होतात. आयएसओ ३२०० वर घेतलेल्या चौकटीच्या त्या तुकड्यात १२८०० सारखा दाणा दिसतो, आणि ३५ मिलिमीटरसाठी पुरेसा वाटलेला शटरचा वेग ७० मिलिमीटरच्या मापाने मोजावा लागतो. झेंडूच्या चित्रात नेमके हेच घडले होते, कारण तिथे शटर १/१२५ वर होता आणि गोणीतला हात थांबलेला नव्हता. पुढे क्रॉप करावा लागेल अशी शंका असेल, तर रस्त्यावरच वेग एक पायरी वाढवून ठेवावा. मोबाइलवर बोटांनी झूम करणे हेही बऱ्याचदा क्रॉपच असते, फक्त तो निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून पूर्ण चौकट काढावी आणि नंतर कापावी. मूळ फाइल जपून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी एकदा ठेवली नव्हती.

वगळलेल्या माणसाचे काय

क्रॉप आणि पुसणे यांतील सीमा स्पष्ट असावी. २०१० मध्ये वृत्तछायाचित्रांच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एका युक्रेनियन छायाचित्रकाराचे पारितोषिक काढून घेण्यात आले. त्याने रुंद चौकटीतून पट्टी बांधलेल्या हातापुरता लहानसा भाग कापून तो कृष्णधवल केला होता, आणि एवढा मोठा काप परीक्षकांनी आक्षेपार्ह मानला नाही. हाताच्या मागे डोकावणारा कोणाच्या तरी पायाचा छोटा तुकडा त्याने संगणकावर पुसला होता, आक्षेप त्याला होता. कलात्मक कामावर वृत्तछायाचित्राचे नियम जसेच्या तसे लादता येणार नाहीत, तरीही मी ही सीमा पाळतो. कडेबाहेर काय जाईल हे ठरवण्याचा अधिकार मी घेतो, कडेच्या आत काय होते हे मात्र बदलत नाही.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. चेहरा वगळल्याने अनोळखी माणसाची ओळख झाकली जाते आणि त्या अर्थाने अमूर्त चौकट सौजन्याची असते. मात्र अशा चौकटींचे माझे जुने संग्रह पाहिले, तेव्हा लक्षात आले की ज्यांची डोकी मी कापली होती ते जवळपास सगळे हमाल, कोळणी, सफाई कामगार होते आणि ज्यांचे चेहरे ठेवले होते ते बहुतेक फोर्टमधील कार्यालयांतून बाहेर पडणारे होते. कोळणीच्या लुगड्याचा रंग मला दिसला होता, ती दिसली नव्हती. तेव्हापासून माणूस कापण्यापूर्वी मी तीच चौकट चेहऱ्यासह एकदा पाहतो, आणि चेहऱ्यामुळे चित्र अधिक खोल होत असेल तर रचना थोडी बिघडली तरी तो ठेवतो. ज्या ठिकाणी शक्य असते तिथे चित्र संबंधितांना दाखवतो. एका हमालाने स्वतःच्या पाठीचे छायाचित्र पाहून 'ही गोणी कोणाची?' एवढेच विचारले होते.

सरावासाठी एकच जागा, एकच भिंग आणि एकच रंग निवडून दहा दिवस रोज अर्धा तास तिथे जावे. पहिल्या पाच दिवसांत क्रॉप पूर्ण वर्ज्य करावा आणि पुढच्या पाच दिवसांत आधीच्या पाच दिवसांची चित्रे कागदाच्या काटकोनांनी कापून पाहावीत व जो काप पसंत पडेल, तोच दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभे राहून घेण्याचा प्रयत्न करावा. हा क्रम उलटा केला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी त्याच बाजारात ५० मिलिमीटरचे भिंग घेऊन गेलो आणि गोणीच्या इतका जवळ उभा राहिलो की विक्रेत्याने घ्यायची असतील तर घ्या, असे सुनावले. अर्धा किलो झेंडू घेतला, चित्र काढू का म्हणून विचारले आणि शटर १/२५०, छिद्र एफ/२.८, आयएसओ ६४०० वर ठेवून वीसेक चौकटी घेतल्या. त्यांतील एकीत हात हवा तसा बुडालेला होता, फक्त वरच्या कडेला वजनकाट्याचा पांढरा कोपरा शिरला होता. तो घालवण्यासाठी वरून ३०० पिक्सेल कापले आणि तीनास दोनचे प्रमाण राखण्यासाठी रुंदीतून ४५० कापावे लागले. ते सगळे डावीकडून काढले, कारण उजव्या कडेला आपट्याच्या पानांची जुडी अर्धी आत आली होती.